नैरोबीत स्वतःच्या गाडीशिवाय रोजचा प्रवास जमतो का?

नोकरीसाठी नैरोबीला येताना गाडी घ्यावीच लागेल का आणि गाडी नसलेले लोक कामावर कसे पोहोचतात, असे आपण विचारले आहे. ‘गाडी नसेल तर येऊच नका’ असे बजावणारी आपली माणसे इथे पुष्कळ आहेत, आणि माझे थोरले दीर त्यांचे म्होरके आहेत, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

बहुसंख्य नैरोबीकर मटाटूने, म्हणजे खासगी मिनीबसने, जातात किंवा सरळ चालत जातात. मटाटूला ठरलेला मार्ग असतो, वेळापत्रक नसते. गाडी भरली की सुटते, आणि पावसाचा पहिला थेंब पडताच भाडे चढते.

एप्रिलमधल्या अशाच एका पावसाळी संध्याकाळी भावजींना आणि मलाही शहराच्या मध्यभागातून वेस्टलँड्सला परतायचे होते. ‘आपल्या घरातल्या बायका मटाटूत बसत नाहीत,’ असे सुनावून भावजी चालकासह स्वतःच्या गाडीने निघाले, आणि मी टॉम मबोया रस्त्यावरून वेस्टलँड्समार्गे कांगेमीकडे जाणारी 23 क्रमांकाची मटाटू पकडली. कंडक्टरने बोटांच्या बेचक्यांत उभ्या घड्या घातलेल्या नोटा धरल्या होत्या. त्याने दुप्पट भाडे सांगितले, बायकांनी एकमुखाने आरडाओरडा केला, तेव्हा तो थोडा खाली आला. मग त्याने पत्र्यावर दोनदा थाप मारली आणि चालकाने मुख्य रस्ता सोडून न्गारामार्गे पार्कलँड्सच्या आतल्या गल्ल्यांत गाडी घातली. भावजी उहुरू हायवेवर अडकले होते. ते घरी पोहोचले तेव्हा माझा कुकर उतरला होता, आणि तरीही चूक पावसाची होती!

मटाटूत कोंबून नेतात, हे त्यांचे दुसरे पालुपद. तेव्हाचे वाहतूकमंत्री मिचुकी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, 2004 पासून लागू झालेल्या मिचुकी नियमांनी सीटबेल्ट, ताशी 80 किलोमीटरची वेगमर्यादा आणि बाजूचा पिवळा पट्टा सक्तीचा केला. अंमलबजावणी पुढे सैलावली, हे मान्य. पण 2022 मध्ये खुल्या झालेल्या 27 किलोमीटरच्या एक्स्प्रेसवेचा टोल भरून भावजी वेस्टलँड्सला खाली उतरतात, ते पुन्हा त्याच रांगेत.

तरी मटाटूत खिडकीशी मोबाइल काढू नये, चढण्यापूर्वी भाडे विचारावे, सुटे पैसे जवळ ठेवावेत. रात्री उशिरा मीही ॲपवरची टॅक्सीच घेते. बोडाबोडा, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, कोंडीतून झटकन काढते, पण हेल्मेट नसेल तर बसू नये.

आपले कार्यालय कुठे आहे हे आपण लिहिलेले नाही, आणि सगळे त्यावरच अवलंबून आहे. ते अपर हिलला असेल तर किलिमानीत घर पाहावे; लहान मुले असतील किंवा घर न्गाँगसारख्या लांबच्या भागात मिळाले तर गाडीचा विचार जरूर करावा. तेवढे मात्र भावजींना कळवू नये.