युनिव्हर्सिटीत नुसत्या डिग्र्याच तयार होतात का?

प्रश्न: नमस्कार सर, पोरगी यंदा बीए झाली, आता इतिहासात एमए आणि मग पीएचडी करायची म्हणते. तिचे मामा म्हणतात सायन्सवाले तरी काहीतरी शोधून काढतात, बाकीचे प्रबंध लिहून कपाटात ठेवतात. शिवाजी युनिव्हर्सिटीत खरंच काय काम चालतं? – एक आई, राजारामपुरी

उत्तर: ताई, मामांना आधी एक विचारा, ताराबाईंच्या काळाबद्दल आपल्याला आज जे माहिती आहे ते आलं कुठनं? १९६२ ला युनिव्हर्सिटी सुरू झाली तेव्हाचे पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार स्वतः इतिहासाचे, त्यांनी ताराबाईकालीन कागदपत्रं संपादित करून छापली. हे काम किती किचकट असतं बघा. हे कागद मोडीत, म्हणजे मराठीच्या जुन्या लिपीत; तिच्यात आधी वर सलग रेघ ओढायची आणि मग हात न उचलता खाली लिहीत जायचं, दोन शब्दांत जागा नसते, म्हणजे शब्द कुठं तुटतो हे वाचणाऱ्यानंच ठरवायचं, आणि तो चुकीचा तोडला की गावाचं नाव माणसाचं होऊन बसतं. एका पानावर दिवस जातो. पण एकदा ते नीट छापलं की पुढचे सगळे त्याच्यावर उभे राहतात. याला शोध नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

सायन्सचं मामा म्हणतात ते खरंच आहे. फिजिक्सवाल्यांचं थिन फिल्मचं काम तर लांबपर्यंत माहिती आहे. काचेची पट्टी रसायनात बुडवून तिच्यावर पातळ थर चढवायचा, महागडं मशीन नसलं तरी जमतं, आणि तो थर सोलर सेलसाठी वगैरे तपासायचा. बॉटनीवाल्यांनी सह्याद्रीतल्या सेरोपेजियावर, म्हणजे कंदीलपुष्पांवर, मनापासून काम केलंय. त्या फुलात बारकी माशी शिरली की आतल्या खाली वळलेल्या केसांमुळं तिला बाहेर येता येत नाही, केस सुकल्यावरच सुटते ती, अंगाला पराग घेऊन. अशी झाडं डोंगरातनं आणून पेपरात दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची, कोपऱ्यात गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव लिहायचं. उद्या तो कडा कुणी फोडला तरी इथं हे झाड होतं याचा पुरावा राहतो. मला तरी मोडीच्या कागदात आणि या शीटमध्ये फारसा फरक दिसत नाही.

आणि संगीत-नाट्यशास्त्र विभाग आहे, तिथं बसवलेलं नाटक हे पण कामच आहे, ते प्रबंधासारखं बांधून ठेवता येत नाही एवढंच. कॅम्पसवर वि. स. खांडेकरांचं संग्रहालय आहे, पोरीला घेऊन एकदा जाऊन या.

कपाटाचं म्हणाल तर ते आता जुनं झालं. शोधगंगा नावाच्या साइटवर देशभरातल्या युनिव्हर्सिट्यांचे प्रबंध फुकट वाचायला मिळतात, मराठीतले पण. सगळे चांगले नसतात, काही नुसते उतारे जोडलेले असतात हे मान्य, आणि म्हणूनच गाईड ठरवायच्या आधी त्यांच्याकडं झालेले दोन-तीन प्रबंध पोरीला स्वतः वाचू द्या, संदर्भात मूळ कागद किती आणि दुसऱ्यांची पुस्तकं किती ते मोजायला सांगा. मोडी मात्र एमए सुरू व्हायच्या आधीच शिकायला लागू दे, नंतर वेळ मिळत नाही.