सर्व्हिस चालू, पण कॉन्फिग फाईल बेदखल

प्रश्न: आमच्या लिनक्स सर्व्हरवर एक सर्व्हिस आहे. तिच्या कॉन्फिग फाईलमध्ये पोर्ट 8080 चा 9090 केला आणि सर्व्हिस रिस्टार्ट केली. लॉगमध्ये एकही एरर नाही, तरी ती 8080 वरच ऐकते. फाईल तीनदा तपासली, स्पेलिंग बरोबर आहे. आता काय बघायचं?

उत्तर: फाईल चौथ्यांदा तपासू नका. ती बाजूला ठेवा आणि चालू प्रोसेसला विचारा. एरर न येणं हाच इथला मोठा धागा आहे. फाईल वाचली जाऊन त्यात चूक सापडली असती, तर बहुतेक सर्व्हिसनी तक्रार केली असती. म्हणजे एकतर ही फाईल वाचलीच गेली नाही, किंवा वाचल्यानंतर दुसऱ्या कशाने तिच्यावर मात केली.

आधी 8080 कोणाच्या ताब्यात आहे ते बघा. रूट म्हणून ‘एसएस -एलटीएनपी’ चालवलं की पोर्टसमोर प्रोसेसचा पीआयडी, म्हणजे तिचा क्रमांक, दिसतो. तो ‘सिस्टमसीटीएल शो -पी मेनपीआयडी’ आणि पुढे सर्व्हिसचं नाव दिल्यावर येणाऱ्या आकड्याशी जुळवा. काही सर्व्हिसमध्ये पोर्ट मुख्य प्रोसेसने सुरू केलेल्या उपप्रोसेसकडे असतो. तेव्हा ‘सिस्टमसीटीएल स्टेटस’मधल्या प्रोसेसच्या झाडात तो पीआयडी सापडायला हवा. तिथेही नसेल, तर कधीतरी हाताने सुरू केलेली जुनी प्रत मागे चालू आहे आणि तुम्ही भलत्याच प्रोसेसला रिस्टार्ट करत आहात. पीआयडी जुळला, तर ‘पीएस -ओ एलस्टार्ट= -पी’ने ती केव्हा सुरू झाली ते बघा. ही वेळ फाईलमधल्या बदलाच्या आधीची असेल, तर रिस्टार्ट झालेलाच नाही.

पुढची पायरी ‘सिस्टमसीटीएल कॅट’. बरेचदा गुंता इथेच सुटतो. ही कमांड युनिट फाईल, म्हणजे सर्व्हिस कशी सुरू करायची ते सांगणारी फाईल, आणि तिच्यावर रचलेले सगळे ड्रॉप-इन, म्हणजे तिच्यात बदल करणाऱ्या छोट्या जोडफाईली, एकाखाली एक, पूर्ण पाथसकट दाखवते. ‘एक्झेकस्टार्ट’ची, म्हणजे सर्व्हिस सुरू करणाऱ्या कमांडची, ओळ नीट वाचा. तिथे ‘--कॉन्फिग’पुढे वेगळाच पाथ असू शकतो, किंवा थेट ‘--पोर्ट 8080’ लिहिलेलं असू शकतं. सर्वसाधारण संकेत असा, की प्रोग्रॅमच्या आतल्या डिफॉल्टवर फाईल मात करते, फाईलवर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आणि त्यावर कमांडलाइन. तुमचा 9090 या उतरंडीत खालून दुसऱ्या पायरीवर आहे.

एक सावधगिरी बाळगा: ‘सिस्टमसीटीएल कॅट’ डिस्कवरची फाईल दाखवतं. युनिट फाईल बदलून ‘सिस्टमसीटीएल डेमन-रिलोड’ केलं नसेल, तर सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टमडीच्या डोक्यात अजून जुनीच ओळ असते. म्हणून चालू प्रोसेसची खरी कमांडलाइन ‘/प्रॉक/पीआयडी/सीएमडीलाइन’मध्ये बघा आणि व्हेरिएबल ‘/प्रॉक/पीआयडी/एन्व्हायरन’मध्ये. दोन्हीकडे नोंदी शून्य बाइटने जोडलेल्या असतात, त्यामुळे ‘टीआर’ वापरून शून्य बाइटच्या जागी नवी ओळ घाला, म्हणजे वाचता येईल. ‘/ईटीसी/डिफॉल्ट’मधल्या फाईलबद्दलही असाच गैरसमज असतो. युनिटमध्ये ‘एन्व्हायर्नमेंटफाईल=’ची ओळ नसेल, तर सिस्टमडी त्या फाईलकडे स्वतःहून बघत नाही.

फाईल खरंच वाचली जाते का, याची एक स्वस्त आणि निर्धोक परीक्षा आहे. फाईलवर ‘टच’ चालवा. मग सर्व्हिस रिस्टार्ट करा आणि लगेच ‘स्टॅट’ने वेळा बघा. नेहमीच्या ‘रिलॅटाइम’ माउंटवर, म्हणजे वाचल्याची वेळ मोजकीच नोंदवणाऱ्या मांडणीत, टचनंतर कोणी फाईल वाचली की ‘ॲक्सेस’ची वेळ ‘मॉडिफाय’च्या पुढे सरकते. दोन्ही वेळा सारख्याच राहिल्या, तर ती फाईल कोणी उघडून वाचलेली नाही, हे नक्की. मधल्या वेळात तुम्ही स्वतः ती एडिटरमध्ये उघडू नका, नाहीतर वाचल्याची खूण तुमचीच उमटेल. माउंट ‘नोॲटाइम’, म्हणजे वाचल्याची वेळ न नोंदवणारा, असेल तर ही परीक्षा निरुपयोगी आहे. तेव्हा सर्व्हिस रिलोडला प्रतिसाद देत असेल तर ‘एसट्रेस -एफ -ई ट्रेस=%फाईल -पी’ने चालू पीआयडीला जोडून घ्या आणि दुसऱ्या टर्मिनलवरून रिलोड करा. कोणकोणते पाथ उघडले गेले, त्यातले कोणते ‘ईएनओएंट’ म्हणजे सापडले नाहीत, सगळं समोर येतं.

फाईल तुम्हाला दिसते म्हणून सर्व्हिसलाही दिसत असेल असं धरू नका. युनिटमध्ये ‘प्रोटेक्टहोम=येस’ असेल तर होम डिरेक्टरी तिच्यासाठी रिकामी असते. ‘प्रायव्हेटटेम्प=येस’ असेल तर ‘/टेम्प’ तिचं स्वतःचं, वेगळं असतं. रूट म्हणून ‘/प्रॉक/पीआयडी/रूट’च्या पुढे फाईलचा पाथ जोडून वाचा. जे दिसेल तेच त्या प्रोसेसला दिसतं.

दुरुस्ती करताना पॅकेजने ‘/यूएसआर/लिब/सिस्टमडी’खाली ठेवलेली युनिट फाईल बदलू नका, पुढच्या अपडेटला ती पुसली जाईल. ‘सिस्टमसीटीएल एडिट’ वापरा. ड्रॉप-इनमध्ये नवी ‘एक्झेकस्टार्ट’ लिहिण्याआधी एक रिकामी ‘एक्झेकस्टार्ट=’ ओळ हवी. ती नसेल तर नवी ओळ जुनीची जागा घेत नाही, तिच्यात भर पडते, आणि ‘वनशॉट’, म्हणजे एकदा चालून संपणारं, सोडून इतर प्रकारचं युनिट सिस्टमडी चक्क नाकारतं.

प्रश्न: एसएसएच सर्व्हरच्या ‘एसएसएचडी_कॉन्फिग’च्या शेवटी ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ लिहिलं, सर्व्हिस रिलोड केली. तरी पासवर्डने लॉगिन होतंच आहे.

उत्तर: ‘शेवटी लिहिलं’ इथेच घोळ आहे. ओपनएसएसएचमध्ये पहिली आलेली किंमत धरली जाते आणि नंतरच्या ओळी गप्प दुर्लक्षित होतात. डेबियन आणि उबंटूच्या मुख्य फाईलमध्ये ‘इन्क्लूड’ची ओळ अगदी वर असते. त्यामुळे ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ डिरेक्टरीतल्या फाईली आधी वाचल्या जातात. क्लाउडवरच्या मशीनमध्ये तिथे बहुधा ‘50-क्लाउड-इनिट.कॉन्फ’ बसलेली असते आणि तिच्यात ‘येस’ लिहिलेलं असू शकतं. तुमची ओळ त्याच डिरेक्टरीत ‘00’ने सुरू होणाऱ्या फाईलमध्ये टाका, म्हणजे ती नावाच्या क्रमाने आधी येईल.

रूट म्हणून ‘एसएसएचडी -टी’, कॅपिटल टी, चालवलं की सगळ्या फाईली मिळून ठरलेल्या अंतिम किमती छापल्या जातात. ‘मॅच’ ब्लॉक, म्हणजे ठराविक युजर किंवा ॲड्रेसपुरते नियम, वापरत असाल तर ‘-सी’ पर्यायाने, हाही कॅपिटल, युजर, होस्ट आणि ॲड्रेस द्या. मात्र हे उत्तरही डिस्कवरच्या फाईलींचं आहे, चालू सर्व्हिसला नवी किंमत रिलोडनंतरच कळते. ‘केबीडीइंटरॅक्टिव्हऑथेंटिकेशन’ही ‘नो’ आहे ना ते बघा. ते चालू असेल तर पॅम या लिनक्सच्या लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेमार्फत पासवर्ड विचारला जाऊ शकतो आणि तुम्हाला वाटेल, की फाईल ऐकली गेली नाही. हे सगळं करताना एक सेशन उघडं ठेवा, आणि नव्या खिडकीतून किल्लीने लॉगिन झाल्याशिवाय ते बंद करू नका.

प्रश्न: पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ‘मॅक्स_कनेक्शन्स’ 100 वरून 300 केलं. रिलोड केलं, रिस्टार्टही केलं. ‘शो’ अजून 100 च दाखवतं.

उत्तर: या किमतीला रिस्टार्ट लागतोच, तो तुम्ही केलेला आहे. आता ‘शो कॉन्फिग_फाईल’ विचारा. एकाच मशीनवर दोन आवृत्त्या असल्या, की एकीची फाईल बदलायची आणि दुसरीशी जोडून घ्यायचं असं सहज घडतं. फाईल बरोबर निघाली तर ‘पीजी_सेटिंग्ज’मधून त्या नावाच्या ओळीचे ‘सोर्सफाईल’ आणि ‘सोर्सलाइन’ हे रकाने काढा. किंमत कुठल्या फाईलच्या कितव्या ओळीवरून आली, ते पोस्टग्रेस स्वतः सांगतं. इतकी सोय फार थोड्या सर्व्हिस देतात. सुपरयूझर म्हणून विचारा, नाहीतर हे दोन रकाने रिकामे येतात.

बहुतेक वेळा उत्तर ‘पोस्टग्रेसक्यूएल.ऑटो.कॉन्फ’ असं येतं. कोणीतरी आधी ‘आल्टर सिस्टम’ने किंमत ठरवलेली असते, आणि ती फाईल मुख्य फाईलच्या नंतर वाचली जाते. पोस्टग्रेसमध्ये शेवटची किंमत धरली जाते, एसएसएचच्या बरोबर उलट. ऑटो फाईल हाताने खरवडू नका. ‘आल्टर सिस्टम रीसेट मॅक्स_कनेक्शन्स’ द्या आणि रिस्टार्ट करा.

प्रश्न: कंटेनरमध्ये होस्टवरची एकच कॉन्फिग फाईल बाइंड-माउंट केली आहे, म्हणजे थेट आत जोडली आहे. होस्टवर ‘सेड -आय’ने बदल केला, रिलोडही दिलं, पण आत जुनाच मजकूर आहे.

उत्तर: ‘सेड -आय’ जुन्या फाईलमध्ये लिहीत नाही. ते नवी फाईल तयार करून जुन्याचं नाव तिला देतं. माउंट मात्र जुन्या आयनोडला, म्हणजे जुन्या फाईलच्या डिस्कवरच्या नोंदीला, धरून बसलेला असतो. होस्टवर आणि कंटेनरच्या आत ‘एलएस -आय’ चालवा, आकडे वेगळे दिसतील. कंटेनर रिस्टार्ट केला, की नवी फाईल मिळते. कायमचा उपाय म्हणजे फाईलऐवजी तिची डिरेक्टरी माउंट करणं. कंपोज फाईलमधले व्हेरिएबल बदलले असतील तर ‘रिस्टार्ट’ पुरत नाही, ‘डॉकर कंपोज अप -डी’ने कंटेनर नव्याने घडवावा लागतो.

प्रश्न: इंजिन-एक्स वेबसर्व्हरमध्ये साइटची फाईल बदलली, तरी जुनीच साइट उघडते.

उत्तर: ‘साइट्स-एनेबल्ड’मध्ये बॅकअपची प्रत ठेवली आहे का? डेबियनच्या मांडणीत त्या डिरेक्टरीतली फाईल ‘.बॅक’ने संपत असली तरी वाचली जाते. मग एकाच नावाचे दोन सर्व्हर होतात, पहिला चालतो आणि दुसरा इशारा देऊन सोडून दिला जातो. ‘इंजिन-एक्स -टी’, कॅपिटल टी, वाचलेली प्रत्येक फाईल नावासकट छापतं. बॅकअप तिथून हलवा. रिलोडनंतर एरर लॉगही बघा. फाईलमध्ये चूक असली तर इंजिन-एक्स जुन्या कॉन्फिगवरच चालू राहतं, साइट बंद पडत नाही आणि चूक लक्षातही येत नाही.

प्रश्न: मायएसक्यूएल ‘माय.सीएनएफ’ अजिबात वाचत नाही. परवानगीची अडचण नको म्हणून 777 दिलं आहे.

उत्तर: त्या 777 मुळेच वाचत नाही. कोणीही लिहू शकेल अशी ऑप्शन फाईल मायएसक्यूएल मुद्दाम टाळतं आणि तसा इशारा देतं. ‘सीएचमॉड 644’ करून रिस्टार्ट करा. ओळी ‘[मायएसक्यूएलडी]’ या विभागाखाली आहेत ना, तेही बघा. ‘[मायएसक्यूएल]’खालच्या ओळी फक्त क्लायंटसाठी असतात. आवृत्ती 8.0 किंवा पुढची असेल, तर ‘सेट पर्सिस्ट’ने ठेवलेली किंमत डेटा डिरेक्टरीतल्या ‘मायएसक्यूएलडी-ऑटो.सीएनएफ’मध्ये असते आणि ती तुमच्या फाईलवर मात करते. कुठली किंमत कुठून आली ते ‘परफॉर्मन्स_स्कीमा’च्या ‘व्हेरिएबल्स_इन्फो’ टेबलात मिळेल.