‘क्रॉनिक’ म्हणजे गंभीर का?

विचारणा अशी: वडिलांच्या रिपोर्टवर ‘क्रॉनिक ब्राँकायटिस’ लिहून आलंय. शेजारचे काका म्हणतात, क्रॉनिक म्हणजे हाताबाहेर गेलेलं. खरं काय, आणि हा शब्द आला कुठून?

काकांचं चुकलं. दुखणं किती मोठं हे ‘क्रॉनिक’ सांगत नाही, किती दिवसांचं ते सांगतो. ग्रीकमध्ये ‘ख्रोनोस’ म्हणजे काळ. त्यावरून ‘ख्रोनिकोस’, आणि मग लॅटिन, फ्रेंच करत तो इंग्रजीत आला. क्रॉनिकल, क्रॉनॉलॉजी ही त्याचीच भावंडं. (पोटच्या पोरांना गिळणारा ग्रीक देव क्रोनस वेगळा. नावं सारखी वाटतात म्हणून जुन्या ग्रीकांपासून लोक दोघांची गल्लत करत आलेत.) वडिलांच्या दुखण्याचीच रूढ व्याख्या बघा: लागोपाठ २ वर्षं, दर वर्षी किमान ३ महिने कफाचा खोकला. सगळा हिशेब कॅलेंडरचा.

याच्या उलट ‘अ‍ॅक्यूट’. लॅटिन ‘अकूतुस’ म्हणजे टोकदार, ‘आकुस’ म्हणजे सुई. अचानक उठतं ते अ‍ॅक्यूट. साधी सर्दीसुद्धा त्यातच. डॉक्टर कधीकधी ‘अ‍ॅक्यूट ऑन क्रॉनिक’ म्हणतात, तेव्हा जुन्या दुखण्याने नव्याने उचल खाल्लेली असते.

काकांच्या बाजूने एवढंच, की खुद्द इंग्रजांच्या बोलण्यातही ‘क्रॉनिक’ हा ‘भयंकर वाईट’ अशा अर्थाने घसरलेला आहे.

मराठीत काय म्हणावं? ‘दीर्घकालीन’ बरोबर आहे, पण मला त्यात कर्जाचे हप्ते दिसतात. ‘जुनाट’ उत्तम. आयुर्वेदात ‘जीर्ण’ आहेच, जीर्णज्वरातला. त्याचा धातू ‘जॄ’, म्हणजे झिजणं, म्हातारं होणं. जीर्ण होणं म्हणजे पचणंही, म्हणून न पचलं की अजीर्ण! ‘जरा’ म्हणजे म्हातारपण, तेही इथलंच. आणि ग्रीक ‘गेरोन’, म्हणजे म्हातारा, हा या जरेचा लांबचा भाऊ. त्याच घराण्यातून ‘जेरियाट्रिक’, म्हणजे म्हातारपणातल्या आजारांशी संबंधित, हा शब्द आला. म्हणजे जेरियाट्रिक आपल्या नात्यातला निघाला, क्रॉनिकशी मात्र ‘जीर्ण’चं काही नातं नाही.

माझी आजी यातला एकही शब्द वापरायची नाही. ‘खोकला मुरलाय’ म्हणायची, लोणच्याबद्दल बोलावं तसं.