आधी ओवी ऐक, मग बीट लाव

प्रिय दोस्ता,

ट्रॅक ऐकला. हलगी झकास बसलीये, सिंथ पण आवडला, खरंच. पण आजीची ओवी सुरू होते ना तिथं माझा जीव गुदमरला, तू तिला १२० च्या क्लिकवर (मिनिटाला १२० ठोके) ओढूनताणून बसवलंयस, शब्द न शब्द ठोक्यांच्या ग्रिडला चिकटवलेला आणि वरनं ऑटोट्यून.

अरे जात्यावरची ओवी अशी चालतच नाही. फेरा कधी जड कधी हलका, मूठभर दाणे टाकायला हात सुटला की लय सैल पडते आणि बाई तिथंच दम घेते, म्हणून एक ओळ आखूड तर दुसरी लांबलचक, आणि मधे "गं बाई" येतं जे तू एडिटमधे उडवलंस. ते परत आण. आणि रिटेक घेताना तिला 'व्हतं'चं 'होतं' करायला लावू नकोस, व्ह लघु, हो गुरू, लगेच मात्रा वाढली, मग बसवत बस.

माझं ऐकशील तर क्लिक बंद करून तिला एकटीला गाऊ दे, घरात जातं असेल तर फिरवतच, आणि मग तिच्या श्वासावरनं टेम्पो मॅप (लय कुठं वाढते, कुठं उतरते त्याचा नकाशा) काढ, बीट तिच्या मागनं चालेल. सुराचंही तेच. ती पेटीच्या काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे कुठंतरी गाते, मग सिंथचा सूर सरकवून तिच्याशी जुळव की, तिला कशाला ओढतोस? तू सांगलीत राहतोस, मिरज हाकेवर! तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मधे जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला म्हणून स्टेटस ठेवून झालं असेल, आता एखाद्या कारागिराकडं जाऊन बस, तो जवारी (तारेचा तो घुमणारा नाद) काढताना तारेखालचा दोरा जरासा सरकवतो आणि आवाज कसा उघडतो ते ऐक. तंबोरा गाणाऱ्याच्या सुराला लावतात, उलटं नाही. सँपल पॅकमधला ड्रोन, म्हणजे तो तयार, सतत वाजणारा सूर, काढून टाक.

हलगीबद्दल एवढंच, शेकलेली हलगी थंड होत जाते तसा तिचा आवाज उतरतो, तो सगळ्या टेकमधे सारखा करत बसू नकोस.

आणि हो, क्रेडिटमधे नुसतं 'पारंपरिक' लिहून मोकळा होऊ नकोस. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या संशोधकांनी जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या त्यात गाणाऱ्या बायांची नावं, गावं जपलीयेत, मग तुला घरच्या आजीचं नाव टाकायला काय होतंय? पैसे आले तर तिचा वाटा पण काढ (ती नको म्हणेल, तरी काढ).

पुढच्या वेळी आजीचा व्होकल वेगळा बाऊन्स करून पाठव, बाकी सगळं म्यूट करून. मला आधी तेवढाच ऐकायचाय.

तुझा,
काका