किंग्जले यांनी ‘पाट्या टाकल्या’, म्हणजे नेमकं काय केलं?

प्रश्न असा आला आहे: ‘ब्लडरेन’ या व्हॅम्पायरपटाबद्दल एकाने लिहिलं, “चित्रपट सुमार आहे आणि बेन किंग्जले यांनी नुसत्या पाट्या टाकल्या आहेत.” यातल्या पाट्या कुठल्या, दुकानावरच्या का? आणि अडीच कोटी डॉलर खर्चून केलेल्या सिनेमाला ‘सुमार’ म्हणावं, ‘भिकार’ की ‘टुकार’?

आधी पाट्या. मराठीत लिहायची पाटी असते, दारावरची पाटी असते आणि डोक्यावर वाहायची पाटी, म्हणजे टोपली, असते. मंडईतला पाटीवाला हा तिसरीवरून. आता क्रियापद पाहा. दारावरची पाटी आपण लावतो, टाकत नाही. टाकायची असते ती मातीने भरलेली पाटी, म्हणजे ती रिकामी करायची. बांधावर माती कुठे पडली, दबली की नाही, याच्याशी मजुराला देणंघेणं नाही; खेपा भरल्या की झालं. मला ही उपपत्ती पटते, कारण हा वाक्प्रचार कायम अनेकवचनी असतो. ‘त्याने एक पाटी टाकली’ असं कोणी म्हणत नाही.

जवळचा जुना शब्द ‘वेठ’. पण वेठीला माणूस जुंपलेला असतो आणि मोबदला नसतो. पाट्या टाकणाऱ्याला मजुरी मिळते, फक्त मन कामात नसतं. आणखी एक अट मला महत्त्वाची वाटते: ज्याला काम उत्तम येतं, तोच पाट्या टाकू शकतो. पहिल्यांदा रंगमंचावर अडखळणाऱ्या पोराला आपण कच्चा म्हणतो, पाट्याटाकू नाही. ‘गांधी’ या १९८२च्या चित्रपटासाठी ऑस्कर मिळवलेला नट लांब केसांचा टोप घालून सिंहासनावर बसतो आणि निर्विकार चेहऱ्याने संवाद उरकतो, तेव्हा हा वाक्प्रचार चपखल बसतो. त्या कामासाठी त्यांना रॅझी या ‘सर्वांत वाईट’च्या पुरस्काराचं नामांकनही मिळालं. सिनेमाची एकूण सहा नामांकनं होती.

आता सुमार. मूळ फारसी ‘शुमार’, म्हणजे मोजदाद. त्यावरून सुमारे पन्नास, दुपारच्या सुमारास, आणि मोजता येणार नाही इतकं ते बेसुमार. अंदाजापासून ‘बेताचा, मध्यम’ आणि तिथून ‘हलका’ अशी त्याची घसरण झाली. मराठीत मधल्या पायरीवरच्या बऱ्याच शब्दांचं हे होतं. ‘यथातथा’ आणि ‘बेताचा’ यांचं तेच झालं, आणि योग्य सुरात म्हटलं तर ‘बरा आहे’सुद्धा शिवीच. तरी ‘सुमार’मध्ये मूळचा मध्यमपणा अजून थोडा शिल्लक आहे. ‘ब्लडरेन’ला तो शब्द लावणं म्हणजे मला त्याला जास्तीचे गुण देणं वाटतं. मूळ व्हिडिओ गेम २००२चा. त्यात अर्धी माणूस, अर्धी व्हॅम्पायर असलेली रेन १९३०च्या दशकात नाझींच्या मागे लागते. दिग्दर्शक उवे बोल यांनी तिला उचलून अठराव्या शतकातल्या रुमानियात नेऊन ठेवलं. मग एक डोळा, एक बरगडी, एक हृदय अशा वस्तूंचा शोध, आणि शेवटी नायिका सिंहासनावर बसते तेव्हा आपण नुकतीच पाहिलेली मारामारी तुकड्यातुकड्यांनी पुन्हा दाखवतात! हे मध्यम नव्हे.

‘भिकार’ मूळ अर्थाने बसत नाही. त्यात भीक आहे, आणि इथे पैशांची ददात नव्हती. त्या काळी जर्मनीत चित्रपटनिधीत गुंतवलेली सगळी रक्कम करातून वजा दाखवता येई. बोल यांच्या सिनेमांना पैसा मिळत गेला तो याच सवलतीमुळे. भीक लागली ती नंतर, तिकीटबारीवर: जगभरात मिळून जेमतेम ३६ लाख डॉलर.

राहिला ‘टुकार’. हा मुळात माणसांना लावायचा शब्द, म्हणजे कामधंदा सोडून उंडारणारी पोरं. कशाचं कशाला सोयरसुतक नसलेल्या कथेला तो शोभतो.

मात्र पाट्या टाकल्याचा ठपका मी दिग्दर्शकावर ठेवणार नाही. २००६मध्ये या गृहस्थांनी आपल्या टीकाकारांना व्हँकुव्हरमध्ये बॉक्सिंगच्या रिंगणात उतरायला लावलं आणि बुकललं. पाट्या टाकणारा माणूस टाकलेल्या मातीसाठी हातघाईवर येत नाही. तो मजुरी घेऊन घरी जातो. तेव्हा वाक्याचा दुसरा भाग जसाच्या तसा राहू द्या, पहिल्यात ‘सुमार’ काढून ‘टुकार’ घाला.