सातवीतल्या मुलीचं नाव गैरहजेरीमुळे कमी करता येतं का?

प्रश्न: मी भांडुपला राहते. मुलगी खाजगी विनाअनुदानित शाळेत सातवीत आहे. जुलैत तिला कावीळ झाली, पाच आठवडे शाळा बुडाली. पुढे धाकट्याला सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून आणखी तीन आठवडे मीच तिला घरी ठेवलं. शाळेला कळवलं नाही. आता मुख्याध्यापिका म्हणतात, "७५ टक्के हजेरी भरणार नाही. 'वैयक्तिक कारणासाठी दाखला हवा' असा अर्ज द्या, नाहीतर नाव कमी करू." काय करू?

उत्तर: ताई, तो अर्ज अजिबात देऊ नका.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ मध्ये हे कलम बदललं, पण पाचवी-आठवीच्या परीक्षेत नापास झालेल्यांना त्याच वर्गात ठेवण्यापुरतं. काढून टाकायला बंदी कायम आहे. ७५ टक्क्यांची अट बोर्डाच्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी असते. ती दाखवून सातवीतल्या मुलीचं नाव कमी करता येत नाही.

म्हणूनच शाळेला तुमची सही हवी आहे. तुम्ही दाखला मागितलात की जनरल रजिस्टरमध्ये शाळा सोडण्याचं कारण 'पालकांच्या विनंतीवरून' असं लागतं आणि कागदोपत्री शाळेने कुणाला काढलेलंच नसतं. मग सही दबावाखाली घेतली हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागतं. सही करून दिली असेल, तर 'तो अर्ज मागे घेत आहे' असं आजच लेखी द्या.

आता तुमची बाजू. मुलाला शाळेत घालणं हे कलम १० नुसार पालकाचं कर्तव्य आहे. ते चुकलं तर या कायद्यात पालकाला शिक्षा नाही, त्यामुळे कुणी पोलिसांची भीती घातली तरी घाबरू नका. पण धाकट्यासाठी तिला घरी ठेवलं हे चुकलंच. त्या तीन आठवड्यांसाठी मागच्या तारखेचं मेडिकल सर्टिफिकेट आणू नका. केसपेपरवरच्या तारखा जुळत नाहीत आणि खऱ्या आजारपणावरही कुणी विश्वास ठेवत नाही. शाळाही मोकळी सुटत नाही: मुलाच्या हजेरीबद्दल पालकांशी नियमित बोलणं हे कलम २४ ने शिक्षकांवर टाकलेलं काम आहे. दोन महिने शाळेकडून फोन किंवा चिठ्ठी आली नसेल, तर ते अर्जात लिहा.

मुख्याध्यापिकांच्या नावे एका पानाचा अर्ज करा. आजारपणाच्या आणि घरी ठेवल्याच्या तारखा वेगवेगळ्या द्या, केसपेपर आणि फिटनेस सर्टिफिकेटच्या झेरॉक्स जोडा. मुलगी अमुक तारखेपासून रोज येईल, बुडालेला अभ्यास भरून काढायला मदत करावी, आणि नाव कमी करणार असाल तर कारण व कलम लेखी कळवावं, एवढं पुरे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ऑफिसने पोच दिली नाही तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा. दाखल्याविषयी व्हॉट्सॲपवर काही आलं असेल तर तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा.

त्याआधी एक गोष्ट तपासा: शाळेला अल्पसंख्याक दर्जा आहे का? मुंबईत धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या शाळा पुष्कळ आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या 'प्रमती' निकालाने त्यांना हा कायदा लागू होत नाही. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या एका खंडपीठाने त्या निकालाबद्दल शंका घेतली, पण आज तुमच्या हाती कलम १६ नसेल. तसं असेल तर तक्रारीआधी कागद घेऊन वकिलाला भेटा. अर्जावर सही तेव्हाही नकोच.

दर्जा नसेल आणि आठवडाभरात उत्तर आलं नाही, तर कलम ३२ खाली महापालिकेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. एक प्रत वॉर्डातल्या प्रशासकीय अधिकारी (शाळा) यांना द्या, भांडुप एस वॉर्डात येतं. निर्णयाला तीन महिन्यांची मुदत आहे. तो पटला नाही तर महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

तोवर मुलीला घरी बसवू नका. गणवेश, दप्तर घेऊन रोज वेळेवर पाठवा. गेटवर अडवलं तर वाद न घालता कोणी, किती वाजता, काय सांगून अडवलं ते त्याच दिवशी लेखी कळवा. तक्रारीला ही पत्रं जोडायची आहेत.