एप्रिल-मेमध्ये सोलापुरात घरी पिझ्झा आणि फ्रूट पाय करताना पीठ बिघडू नये म्हणून काय करावं?

पारा चाळिशीपार असताना ‘दोन तास झाकून ठेवा’ हा पाककृतीतला सल्ला विसरा. तेवढ्यात पीठ जास्तच आंबून चिकट होतं. ३०० ग्रॅम मैद्याला अर्धा छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट पुरे, ६ ग्रॅम मीठ आणि १९० मिली पाणी, तेही फ्रिजमधलं गार. मळलं की डबाबंद करून थेट फ्रिजमध्ये, २४ तास. खरी चव त्या गारव्यातच मुरते, घाईच्या पिझ्झ्याला ती येत नाही.

भाजताना ओव्हन २५० अंशांवर. आत भाकरीचा जाड लोखंडी तवा (लाकडी मुठीचा नको) उपडा ठेवून अर्धा तास तापवा, मग पिझ्झा त्यावर सरकवा. बूड कुरकुरीत होतं.

पायमध्ये यीस्ट नसतं, तिथे घात करतं ते वितळलेलं लोणी. २५० ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम घट्ट गार लोणी, चार-पाच मोठे चमचे बर्फाचं पाणी. हे काम सकाळी सहाला उरका, पारी लाटून पुन्हा अर्धा तास फ्रिजमध्ये. सारणाला पेरू किंवा कैरी-गूळ, रस धरायला चमचाभर कॉर्नफ्लोअर. सांगोल्याची डाळिंबं मात्र नुसतीच खा, भाजल्यावर बिया दाताखाली टोचतात.